प्राणवायू नको असलेली प्रयोगशाळा

आपल्या या वार्षिकांकाची मराठी पाने संपली की कानडी पाने सुरू होतात. रसायनशास्त्राच्या वर्गात मात्र दोन्ही भाषांची मुले एकाच बाकावर बसतात आणि एकाच वायूला दोन नावांनी ओळखतात. आम्ही म्हणतो प्राणवायू, कानडी मित्र म्हणतात आम्लजनक. खरे पाहता कानडी शब्द मूळ फ्रेंच नावाशी अधिक इमान राखतो. लव्हाझिएने १७७७ च्या सुमारास ते नाव योजले ते ‘आम्ल निर्माण करणारा’ याच अर्थाने, कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतोच अशी त्याची समजूत होती. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने हायड्रोक्लोरिक आम्लात तो मुळीच नसतो असे दाखवून दिले, पण तोवर नाव रुळले होते. म्हणजे कानडी नाव एका जुन्या चुकीवर उभे आहे. आणि आमचे मराठी नाव? ते अर्ध्या सत्यावर उभे आहे असे मला वाटते, आणि त्या उरलेल्या अर्ध्याविषयी आज लिहावयाचे आहे.

भुईमुगाचे रोप उपटून त्याच्या मुळांवरच्या गाठी नखाने फोडून पाहिल्या नाहीत असा शेतकऱ्याचा मुलगा आपल्या महाविद्यालयात विरळा. आतून त्या गुलाबी असतात. तो रंग आपल्या रक्ताच्या रंगद्रव्याच्या भावकीतल्याच एका प्रथिनाचा, लेगहीमोग्लोबिनचा. त्याचे काम मोठे मजेदार आहे. गाठीतल्या जंतूंना श्वसनापुरता प्राणवायू तर पोचवायचा, पण मोकळा फिरू द्यायचा नाही. कारण त्याच जंतूंच्या पोटात नायट्रोजनेज नावाचे एंझाइम असते, जे हवेतल्या नत्रवायूचा अमोनिया करते. जे काम खतांच्या कारखान्यात शेकडो अंश उष्णता आणि प्रचंड दाब देऊन करावे लागते, ते हे एंझाइम मातीत, पावसाळी गारव्यात बिनबोभाट करते. पण ते हवेत आणले की मरते. त्याचे दोन भाग आहेत. त्यांतल्या लहान भागाची, ज्याला लोह-प्रथिन म्हणतात, निम्मी शक्ती उघड्या हवेत मिनिटाच्या आत नाहीशी होते. मोठा भाग, मॉलिब्डेनम असलेला, थोडा अधिक तग धरतो, इतकेच. या प्रथिनाच्या दृष्टीने आमचा प्राणवायू हा प्राण घेणारा वायू आहे.

आता या प्रथिनाची रचना पाहायची तर त्याचा स्फटिक हवा. क्ष-किरणांनी रेणूचे चित्र काढायचे म्हणजे असंख्य रेणू शिस्तीत, ओळीने उभे असावे लागतात, आणि ही शिस्त फक्त स्फटिकात मिळते. साधे प्रथिन स्फटिकरूपात आणणे हेच मुळात चिकाटीचे काम. जेम्स सम्नर या अमेरिकन रसायनज्ञाने १९१७ मध्ये आपल्या अबईच्या जातीतल्या जॅक बीनपासून युरिएज वेगळे करण्यास सुरुवात केली आणि त्याचे स्फटिक हाती आले १९२६ मध्ये. नऊ वर्षे! तीही एका हाताने, कारण सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्याने डावा हात गमावला होता आणि तो मुळात डावखुरा होता. १९४६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी. मग जे प्रथिन मिनिटभर हवा सहन करीत नाही त्याचे स्फटिक काढणाऱ्यांनी काय करावे?

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की, या विषयावर आमच्या स्टाफरूममध्ये मध्यंतरी एक छोटासा वाद झाला. पदव्युत्तर वर्गातल्या एका मुलीने असल्या प्रयोगाविषयी सेमिनार दिला होता. तो ऐकून एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “हे सगळे ठीक आहे हो, पण आपल्याकडे ती पेटी कुठाय? पेटी नाही तर विषय संपला.” माझे मत नेमके याच्या उलट आहे. पेटी नाही म्हणून विषय संपत नाही, आणि पेटी आली म्हणून सुरूही होत नाही. आपल्याकडे उणीव आहे ती दुसऱ्याच एका गोष्टीची. तिच्याकडे मी येतोच, पण आधी पेटीत नेमके काय चालते ते पाहू.

पेटी म्हणजे ग्लव्ह बॉक्स. काचेची वा जाड प्लॅस्टिकची मोठी खोलीवजा पेटी, तिला आत शिरलेले रबरी हातमोजे आणि बाजूला सामान आत नेण्यासाठी दोन दारांची एक छोटी कोठडी. आत नत्रवायू भरलेला, त्यात शेकडा चार-पाच भाग हायड्रोजन, आणि पॅलेडियम हा धातू उत्प्रेरक म्हणून. चुकून शिरलेल्या प्राणवायूशी पॅलेडियमवर हायड्रोजनचा संयोग होतो आणि पाणी बनते. कोठडीत सामान ठेवायचे, बाहेरचे दार लावायचे, हवा उपसायची, नत्रवायू भरायचा, पुन्हा उपसायची, पुन्हा भरायचा. असे निदान तीनदा. मगच आतले दार उघडायचे. बाहेरच्या हवेत प्राणवायू दशलक्ष भागांत दोन लाख दहा हजार भाग असतो, तर चांगल्या पेटीत तो एका भागाच्याही खाली ठेवतात.

ऐकायला हे सोपे आहे. पण प्राणवायू हा बिनबोलावता येणारा पाहुणा आहे आणि तो दारानेच येतो असे नाही. हवेशी मुरलेल्या एक लिटर पाण्यात २५ अंश तापमानाला सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. (आपले बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास, तेव्हा इथे तो आठ-नऊ टक्के कमी धरा. तेवढीच आपली सोय!) ८ मिलिग्रॅम हे नगण्य वाटतील, पण जरा हिशेब करा. लिटरला ८ मिलिग्रॅम म्हणजे पाव मिलिमोल. आता मिलिलिटरला १० मिलिग्रॅम या प्रमाणात नायट्रोजनेजचा मोठा भाग विरघळवला, तर त्याचा रेणुभार दोन लाख चाळीस हजारांच्या घरात असल्यामुळे प्रथिन होते मिलिमोलचा जेमतेम पंचविसावा भाग. म्हणजे प्रथिनाच्या एकेका रेणूमागे प्राणवायूचे सहा रेणू दबा धरून बसलेले, तेही पाण्यातच, पेटीचे दार कितीही घट्ट लावले तरी. म्हणून पाणी उकळायचे, त्यातून तासन् तास आर्गॉनचे बुडबुडे सोडायचे, निर्वात करायचे. प्रथिनाच्या द्रावणात मात्र बुडबुडे सोडता येत नाहीत. त्याला फेस येतो आणि अंड्याच्या फेटलेल्या बलकासारखे ते बिघडते. तिथे द्रावणावरून वायू हळुवार फिरवावा लागतो, नाहीतर पेटीच्या आतच ते एका स्तंभातून गाळून घ्यावे लागते.

प्लॅस्टिकचीही तीच गत. स्फटिक वाढवण्याच्या ज्या चोवीस खड्ड्यांच्या ताटल्या असतात, त्यांच्या अंगात प्राणवायू मुरलेला असतो. आज आत नेल्या आणि आज वापरल्या तर ताटलीच आपल्या थेंबाला विष पाजते. आठवडाभर आधी त्या आत नेऊन ठेवाव्या लागतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे या कामातले नेहमीचे द्रव्य, पण त्याची बाटली जुनी असेल तर तिच्यात पेरॉक्साइड जमलेली असतात, म्हणजे प्राणवायू वेश पालटून बसलेला. रबरी मोज्यांतूनही तो अणुरेणूंच्या पावलांनी आत झिरपतच असतो.

उपायांनाही आपापले अपाय आहेत. द्रावणातला उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकण्यासाठी सोडियम डायथायोनाइट घालतात. पण ते आम्लात टिकत नाही, दमट हवेत बाटलीतल्या बाटलीत मरते, आणि प्राणवायू खाता खाता द्रावण आम्लधर्मी करीत जाते. काही प्रथिनांना मरकॅप्टोएथॅनॉलसारखी गंधकयुक्त द्रव्ये मानवतात, पण त्यांची वाफ पॅलेडियमला विषासमान. एकाने बाटली उघडी ठेवायची आणि पेटीतला उत्प्रेरक निकामी होऊन सगळ्यांचेच काम बसायचे. उत्प्रेरक पाणी तयार करतो, म्हणून ते शोषणारे द्रव्य ठेवायचे. ते फार ठेवले तर आतला वायू कोरडाठाक, आणि हजारांश मिलिलिटरचा थेंब झाकणी लावेपर्यंत सुकून जातो. कोरड्या वायूत प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत् साठते आणि थेंब टोकावरून उडी मारून भलतीकडेच बसतो. हे सगळे जाड मोजे घालून, घामेजल्या हातांनी. आणि शेवटी मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा स्फटिक बारीक फासात उचलायचा आणि द्रव नत्रवायूत बुडवायचा. तिथेही गंमत आहे. द्रव नत्रवायू उणे १९६ अंशांवर उकळतो आणि प्राणवायू उणे १८३ वरच द्रवरूप होतो. त्यामुळे उघड्या भांड्यातला द्रव नत्रवायू हवेतला प्राणवायू आपल्यात ओढून घेत बसतो.

वाचकांना वाटेल की एवढा अट्टहास कशासाठी? स्फटिक आला तर आला, नाही तर नाही. पण यातली खरी भीती स्फटिक न येण्याची नाहीच. भीती आहे ती स्फटिक येऊन त्याने भलतेच सांगण्याची. नायट्रोजनेजच्या मोठ्या भागाची रचना १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या किम आणि रीस यांनी प्रसिद्ध केली. त्या प्रथिनात आठ लोह-अणूंचा एक समूह आहे. १९९७ मध्ये असे दिसून आले की त्या समूहातून इलेक्ट्रॉन निघून गेले, म्हणजे तो ऑक्सिडीकृत झाला, की त्यातले दोन लोह-अणू आपली जागा सोडून सरकतात. स्फटिक तोच, देखणा, तुकतुकीत, पण आतला मजकूर बदललेला. कोणत्या अवस्थेतला स्फटिक आपण पाहतो आहोत याची नोंद ज्याने ठेवली नाही, त्याने काय पाहिले हे त्याला स्वतःलाच सांगता येणार नाही.

दुसरा समूह तर त्याहून बोधप्रद. सात लोह-अणू, एक मॉलिब्डेनम, नऊ गंधक. १९९२ च्या चित्रात त्याच्या मधोमध पोकळी दिसली होती. दहा वर्षे सगळे ती पोकळीच समजत होते. २००२ मध्ये अधिक चांगल्या स्फटिकातून तिथे काहीतरी हलका अणू आहे असे दिसले. भोवतीच्या सहा लोह-अणूंच्या गणिती लाटांत तो आजवर बुडून गेला होता. तो कोणता, नायट्रोजन की ऑक्सिजन की कार्बन, यावर आणखी नऊ वर्षे वाद चालला आणि २०११ मध्ये तो कार्बन ठरला. एका अणूसाठी एकोणीस वर्षे! २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या कामाला मिळाले त्यात संगणकाने प्रथिनांची घडी भाकीत करण्याची किमया आहे, आणि ती खरोखर थोर आहे. तेव्हापासून काही विद्यार्थी मला विचारतात, “सर, आता स्फटिक कशाला?” त्यांना माझे उत्तर हा कार्बन आहे. घडी कशी पडेल हे सांगता येणे वेगळे आणि धातूच्या समूहाच्या पोटात, अमुक अवस्थेत, काय बसले आहे हे पाहणे वेगळे.

या विद्येचा पहिला धडा तर कोणत्याही पेटीवाचूनच मिळाला होता. प्रागच्या जर्मन विद्यापीठात फेलिक्स हाउरोविट्झ हे हीमोग्लोबिनवर काम करीत. त्यांनी घोड्याच्या हीमोग्लोबिनचे प्राणवायूयुक्त, सुईसारखे लालभडक स्फटिक शीतपेटीत ठेवले आणि काही आठवड्यांनी पाहिले तर त्यांच्या जागी जांभळट षट्कोनी चकत्या! द्रावणात जंतू शिरले होते आणि त्यांनी सारा प्राणवायू फस्त केला होता. त्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या तेव्हा काचेच्या कडेने हवा आत शिरू लागली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चकत्या विरघळून पुन्हा लाल सुया उगवल्या. ही गोष्ट १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. प्राणवायू घेताना रेणू आपला आकार बदलतो, हे त्यावरून उघड झाले. तरुण मॅक्स पेरुट्झ त्याच सुमारास हीमोग्लोबिनच्या मागे लागले आणि १९६२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

विद्यार्थिमित्रहो, इथे क्षणभर थांबा. सडलेला नमुना! आपल्या प्रयोगशाळेत तो काय झाला असता? मोरीत गेला असता. जर्नलमध्ये त्याची ओळही आली नसती.

आता मी त्या उणिवेकडे येतो. मी स्वतः बी.एस्सी.ला असताना टायट्रेशनची तीन रीडिंगे घ्यायची असत. पहिले यायचे ९.८. दुसरे आणि तिसरे न घेताच मी ९.८, ९.८ असे लिहीत असे, आणि माझ्या शेजारचाही तसेच लिही. आमच्या गुरुजींना हे ठाऊक होते आणि ते सही करीत. चुकून कुणी खरेखुरे १०.३ लिहिले तर त्याला पुन्हा करायला लावत. म्हणजे खोटे लिहिणारा साडेचारला घरी आणि खरे लिहिणारा सहापर्यंत उभा. आज मी सही करणाऱ्यांच्या बाजूला आहे आणि कबूल करतो की माझ्याही हातून अशा सह्या झाल्या आहेत. तीस जणांची बॅच, दोन तास, परीक्षा तोंडावर. सबबी मलाही येतात.

हाच विद्यार्थी उद्या त्या महागड्या पेटीपुढे बसला तर काय होईल? दोनशे थेंब लावले, एकातही स्फटिक नाही. का? कोठडी तीनदा उपसली की दोनदा? ताटली किती दिवस आत होती? डायथायोनाइटचे द्रावण आजचे की परवाचे? ग्लायकॉलची बाटली कधी फोडली? ज्याला ९.८, ९.८, ९.८ लिहिण्याची सवय आहे, त्याच्या वहीत यांतले एकही उत्तर सापडणार नाही, कारण जे ‘यायला हवे’ तेवढेच लिहायचे, हे त्याला आम्हीच शिकवले. आणि समजा एका थेंबात लखलखीत स्फटिक आला, तर तो आनंदाने नाचेल. वास्तविक लोह-गंधक असलेली ही प्रथिने तपकिरी असतात. तपकिरी द्रावणातून पाण्यासारखा निर्मळ स्फटिक आला तर तो बहुधा मिठाचा, प्रथिनाचा नव्हे. सुईने दाबून पाहावे. मिठाचा कडक असतो, कट्‌कन मोडतो, प्रथिनाचा भुसभुशीत. पण मोडून पाहायला धैर्य लागते, आणि यशाचा एकुलता एक पुरावा स्वतःच्या हाताने मोडण्याचे शिक्षण आमच्या कोणत्याच तासाला दिले जात नाही.

म्हणून माझी सूचना अशी. पेटीसाठी अनुदान मागायचे तेव्हा अवश्य मागावे. पण त्याआधी प्रॅक्टिकलच्या वीस गुणांपैकी निदान पाच गुण फसलेल्या प्रयोगाच्या नोंदीला ठेवावेत. काय केले, काय झाले, का झाले असावे, हे विद्यार्थ्याने आपल्या भाषेत लिहावे, मराठीत वा कानडीत, जी जवळची असेल तीत. यावर सहकाऱ्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे: “मग मुले फसलेले प्रयोगही खोटेच लिहितील!” काही लिहितील. पण खोटे अपयश रचणे हे खोटे यश रचण्याहून अवघड असते, कारण त्याचे उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले नसते. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते, हेही खरे. पण अंतर्गत गुण कशाला द्यायचे हे बरेचसे आपल्याच हाती आहे.

प्रयोग म्हणाल तर तोही हाताशी आहे. वनस्पतिशास्त्राच्या तासाला आपण पाण्यावर द्रव पॅरॅफिनचा थर देतो आणि आकृतीखाली ‘प्राणवायूचा अभाव’ असे बिनदिक्कत लिहितो. तेलात प्राणवायू पाण्यापेक्षा जास्तच विरघळतो. थराने त्याची वाट मंद होते, बंद होत नाही. हे पडताळून पाहता येते. ग्लुकोज, थोडा अल्कली आणि मेथिलीन ब्ल्यूचे दोन-चार थेंब असे द्रावण घ्या. प्राणवायू संपला की ते रंगहीन होते, मिळाला की निळे. परीक्षानळ्या या द्रावणाने काठोकाठ भरा. एकीला बूच, एकीला रबरी बूच, एकीला मेण, एकीला व्हॅसलीन, एकीला तेलाचा थर, एक उघडी. आणि वरून निळी रेघ किती वेळात, किती मिलिमीटर खाली उतरते ते दर तासाला मोजा. द्रावण दोन-तीन दिवसांत पिवळे-तपकिरी पडते, म्हणून रोज ताजे करा. कोणती नळी जिंकेल हे मी मुद्दामच सांगत नाही.

आमच्या विभागातले प्रयोगशाळा सहाय्यक बर्नरवर काचेची नळी तापवून केसासारखी बारीक केशनलिका ओढतात. निवृत्तीला त्यांना दोन वर्षे उरली आहेत. त्यांच्यानंतर ही कला इथे कुणाला येणार नाही. नायट्रोजनेजसारख्या प्रथिनांचे स्फटिक अशाच केशनलिकांत दोन्ही तोंडे बंद करून वाढवले गेले आहेत. ज्या पेटीवरून आम्ही वाद घालत होतो तिच्या आतले निम्मे कसब या गृहस्थांच्या बोटांत आहे, आणि त्या वादाच्या वेळी ते दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांना कुणी काही विचारले नाही. मीही नाही.

जूनमध्ये वर्ग सुरू झाले की दर शनिवारी दुपारी दोन ते चार रसायनशास्त्राची मागची खोली उघडी राहील, अशी परवानगी मी मागितली आहे. अंड्यातल्या लायसोझाइमचे स्फटिक मिठाच्या द्रावणातून, मोकळ्या हवेत, एखाद्या दिवसातही येतात. तिथून सुरुवात करू, आणि सोबत त्या सहा नळ्या. केशनलिका ओढायला शिकवण्याचे सहाय्यकांनी कबूल केले आहे. वही प्रत्येकाने स्वतःची आणावी. पाने फाडता येणार नाहीत अशी, शिवलेली.